कंपनी बेंगळुरूची, रुग्णालय मिरजेचे : नोकरीतला आरोग्य विमा गावी राहून कसा वापरावा

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या इमारतीत बारा घरे आहेत आणि त्यांपैकी पाच घरांतला पगार परराज्यातून येतो. कुणाचा मुलगा हैदराबादला आहे, कुणाची सून सांगलीत बसून गुरुग्रामच्या कंपनीचे काम करते, आणि मी स्वतः २०२१ पासून घरूनच बेंगळुरूच्या एका कंपनीत नोकरी करतो. पाचही घरांना कंपनीचा गट आरोग्य विमा आहे. तरीही घरात कुणाला रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली तेव्हा पहिला प्रश्न सगळीकडे एकच होता : आपला विमा तिकडचा, तो इथे चालेल का?

चालतो. गट आरोग्य विम्याची पॉलिसी सर्वसाधारणपणे देशभर लागू असते. ती कोणत्या राज्यातल्या कंपनीने घेतली, कर्मचारी कुठे राहतो आणि उपचार कुठे झाले, यावर दाव्याचा हक्क ठरत नाही. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. बेंगळुरूतल्या सहकाऱ्याने ऑफिसजवळच्या मोठ्या रुग्णालयात कार्ड दाखवले की काम होते, कारण त्या रुग्णालयाचा आणि विमा कंपनीचा व्यवहार रोजचा असतो. सांगलीत किंवा साताऱ्यात ती घडी आपल्यालाच आधी बसवून ठेवावी लागते, आणि घरातले सगळे ठणठणीत असताना बसवावी लागते.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. आईला पित्ताशयातल्या खड्यांचा त्रास होऊन दाखल करावे लागले, तो दिवस १ नोव्हेंबरचा होता. आधार कार्डावर तिचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे होती; विमा कार्डावर मधले नाव नव्हते आणि आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त होते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे कंपनीने कळवावे, अशी शंका टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेने, काढली. आमच्याकडे तो कामाचा दिवस होता, पण बेंगळुरूचे कार्यालय कर्नाटक राज्योत्सवाच्या सुट्टीमुळे बंद होते. मंजुरी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर साठ हजार रुपये डिपॉझिट भरून झाले होते आणि ते परत मिळायला बारा दिवस लागले. सगळी धावपळ एका अक्षराची होती, आणि ते अक्षर नावनोंदणीच्या वेळी मीच टाईप केले होते.

ज्यांचे वेतन दरमहा २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांच्या पगारातून ०.७५ टक्का ईएसआयची वर्गणी कापली जाते, त्यांची व्यवस्था निराळी आहे. त्यांना राज्य कामगार विमा योजनेचे दवाखाने आणि रुग्णालये लागू असतात, आणि कुटुंब दुसऱ्या गावी राहत असल्यास ते नोंदवण्याची सोय त्या योजनेत आहे. पुढचे सर्व विवेचन खासगी वा सरकारी विमा कंपनीकडून कंपनीने काढलेल्या गट विम्याचे आहे.

पहिले काम : करार कुणाचा आहे हे ओळखून कागद मिळवणे

गट विम्यात पॉलिसीधारक कंपनी असते. आपण आणि आपले कुटुंब तिचे सदस्य असतो. त्यामुळे नाव घालणे, काढणे, दुरुस्त करणे हे सगळे एचआरच्या मार्फतच होते. विमा कंपनीला थेट फोन करून नाव बदलून मिळत नाही. दुसरा घटक टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने कार्डे देणारी, कॅशलेसचे (म्हणजे रुग्णालयाचे बिल थेट विमा कंपनीने भरण्याचे) अर्ज पाहणारी आणि दाव्याचे कागद तपासणारी संस्था. दावा नाकारण्याचा अधिकार मात्र विमा कंपनीचाच असतो, टीपीएचा नाही. पुढे तक्रारीची वेळ आली तर हा फरक उपयोगी पडतो. बऱ्याच कंपन्यांत यात एक ब्रोकरही असतो, आणि अनुभव असा की रात्री-अपरात्री फोन उचलणारा माणूस बहुधा ब्रोकरकडचाच असतो.

एचआरला एकच ईमेल लिहून पुढील गोष्टी मागाव्यात : विमा कंपनीचे पूर्ण नाव, पॉलिसी क्रमांक आणि मुदत, टीपीएचे नाव व चोवीस तास चालणारा क्रमांक, ब्रोकरचा संपर्क, कुटुंबातल्या प्रत्येकाचे ई-कार्ड, आणि लाभांचा तक्ता. या तक्त्यात विमा रक्कम, खोलीभाड्याची मर्यादा, आईवडिलांसाठी को-पे (बिलातला आपण भरायचा हिस्सा), प्रसूतीची मर्यादा, मोतीबिंदूसारख्या ठराविक उपचारांवरची कमाल रक्कम, दाखल होण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या खर्चाचे दिवस, आणि दाखल झाल्याची सूचना किती तासांत द्यायची, हे सगळे असते. नेमणुकीच्या वेळी दिलेली चकचकीत माहितीपुस्तिका म्हणजे हा तक्ता नव्हे. ती दोन वर्षे जुनी असू शकते आणि गट विमा दरवर्षी नव्या अटींवर नूतनीकृत होतो. म्हणून नूतनीकरणानंतर हा ईमेल पुन्हा पाठवावा.

कार्डाची छापील प्रत घरी ठेवावी. मुलाच्या मोबाइलमधल्या ॲपचा गावाकडच्या आईला काही उपयोग नसतो. आमच्याकडे रेशनकार्ड आणि आधार ज्या पत्र्याच्या डब्यात असतात, त्याच डब्यात आता प्रत्येकाच्या कार्डाच्या दोन प्रती, टीपीएचा क्रमांक, माझा एम्प्लॉयी क्रमांक आणि शेजाऱ्यांचा फोन मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद असतो.

दुसरे काम : नावनोंदणी आणि नावे

आईवडिलांना घ्यायचे की नाही, हे ठरवण्याची खिडकी वर्षातून एकदाच उघडते, तीही काही दिवसांसाठी. मध्येच नाव घालण्याची मुभा बहुतेक ठिकाणी फक्त लग्न आणि मूल जन्मणे या दोन प्रसंगी असते, आणि तीही ठराविक दिवसांत. अनेक कंपन्यांत आईवडील किंवा सासूसासरे यांपैकी एकच जोडी घेता येते, आणि त्यांचा हप्ता आपल्या पगारातून कापला जातो. हा हप्ता पाहून पुष्कळ जण मागे सरतात. मला ते पटत नाही. साठी ओलांडलेल्या, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या व्यक्तीला स्वतंत्र पॉलिसी काढायला गेले तर आधीच्या आजारांसाठी थांबण्याची मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते. गट विम्यात बहुधा पहिल्या दिवसापासून ते आजार धरलेले असतात. फक्त तसे तक्त्यात लिहिले आहे याची खात्री करून घ्यावी.

नावाबाबत सांगायचे तर आपल्याकडची तीन पदांची पद्धत आणि संगणकातले दोन रकाने यांचे जमत नाही. काहींचे आधार आडनावापासून सुरू होते, काहींचे नावापासून; लग्नानंतर बाईचे आधार बदललेले असते पण पॅन माहेरच्या नावावर राहिलेले असते; वडिलांच्या आधारवर जन्मतारखेऐवजी फक्त वर्ष असते. एचआरच्या पोर्टलवर नाव भरताना आधार समोर ठेवावे आणि त्यातले स्पेलिंग जसेच्या तसे उतरवावे, ते आपल्याला चुकीचे वाटत असले तरीही. ई-कार्ड हाती आल्यावर आधारशी अक्षरशः बोट ठेवून ताडून पाहावे. चूक दिसली तर दुरुस्तीचा ईमेल त्याच दिवशी जावा. एक लाखापेक्षा मोठ्या दाव्याला पॅन मागितले जाते, म्हणून ज्या कर्मचाऱ्याच्या खात्यात पैसे येणार त्याचे पॅन आणि बँक खाते एकाच नावाचे आहे ना, तेही पाहावे.

तिसरे काम : घराजवळची रुग्णालये आधीच ठरवणे

या कामाला एक पूर्ण रविवार द्यावा. टीपीएच्या किंवा विमा कंपनीच्या संकेतस्थळावर नेटवर्क रुग्णालयांची, म्हणजे कॅशलेसचा करार असलेल्या रुग्णालयांची, यादी असते. ती शहराच्या नावाने शोधली तर अर्धवट मिळते, कारण एकच रुग्णालय कधी सांगलीखाली, कधी मिरजेखाली, तर कधी महापालिकेच्या जोडनावाखाली नोंदलेले असते. पिनकोडने शोधावे : सांगली ४१६४१६, विश्रामबाग ४१६४१५, मिरज ४१६४१०, सातारा ४१५००१, कराड ४१५११०. जत, आटपाडी, विटा, किंवा तिकडे माण, खटाव, पाटण अशा तालुक्यांत राहणाऱ्यांनी आपल्या गावाबरोबर मिरज, कराड आणि साताऱ्याचीही यादी पाहावी, कारण गंभीर रुग्ण शेवटी तिकडेच नेला जातो.

आपला भाग याबाबतीत नशीबवान आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले तेव्हापासून कागवाड, अथणीकडचे कानडी रुग्ण इथे येत आले आहेत. रुग्णांनी ही राज्याची हद्द कधी फारशी मानलेली नाही, आणि मोठ्या रुग्णालयांच्या टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचे काम पाहणाऱ्या खिडकीला, बाहेरच्या राज्यातल्या कंपनीचे कार्ड नवीन नसते.

यादीत नाव आहे म्हणजे काम झाले असे मात्र समजू नये. यादीतून तीन रुग्णालये निवडावीत : एक हृदय, मेंदू आणि अपघात यांसाठीचे मोठे, एक रोजच्या शस्त्रक्रियांसाठीचे मध्यम, आणि एक घरापासून दहा मिनिटांवरचे. प्रत्येकाच्या टीपीए डेस्कवर प्रत्यक्ष जाऊन, ई-कार्डाची प्रत दाखवून विचारावे : ही विमा कंपनी आणि हा टीपीए या जोडीला तुमच्याकडे आज कॅशलेस चालू आहे का? जोडी म्हणण्याचे कारण असे की रुग्णालयाचा करार कधी विमा कंपनीशी असतो पण आपल्या टीपीएशी नसतो, आणि कधी दरांवरून बिनसल्यामुळे करार काही काळ थांबलेला असतो. डेस्क रात्री आणि रविवारी चालतो का, डिपॉझिट किती घेतात, ते परत केव्हा मिळते, हेही तेव्हाच विचारावे.

आपले नेहमीचे डॉक्टर यादीत नसतील तरी दार बंद होत नाही. जनरल इन्शुरन्स कौन्सिलने २५ जानेवारी २०२४ पासून ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ ही व्यवस्था सुरू केली आहे. तिच्यात नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येते. ठरवून केलेल्या उपचारासाठी ४८ तास आधी, आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कळवावे लागते. रुग्णालयात किमान १५ खाटा लागतात, आणि विमा कंपनीच्या अटी मान्य करण्याची रुग्णालयाची तयारीही लागते. लहान रुग्णालये पैसे उशिरा येतील या भीतीने नकार देतात, आणि त्यांची ती भीती अगदीच अनाठायी नसते. म्हणून हा मार्ग वापरून पाहावा, पण त्यावर विसंबून घराबाहेर पडू नये.

कॅशलेस न मिळाल्यास खर्च स्वतः करून प्रतिपूर्ती मागता येते, पण त्यासाठी रुग्णालय पॉलिसीच्या व्याख्येत बसले पाहिजे. प्रचलित व्याख्येनुसार रुग्णालय संबंधित कायद्याखाली नोंदणीकृत असावे, किंवा त्याने किमान निकष पाळलेले असावेत : दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात १० खाटा, इतरत्र १५, चोवीस तास डॉक्टर आणि प्रशिक्षित परिचारिका, स्वतःचे शस्त्रक्रियागृह, रुग्णांच्या रोजच्या नोंदी. सांगली आणि सातारा दोन्ही दहा लाखांखालच्या वर्गात येतात, त्यामुळे आपल्याकडे दहा खाटा पुरतात.

परराज्यातल्या कंपनीशी इथे हमखास गोंधळ होतो. तिकडचा टीपीए ‘क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट’ कायद्याचे प्रमाणपत्र मागतो. महाराष्ट्राने २०१० चा तो केंद्रीय कायदा स्वीकारलेला नाही. आपल्याकडची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली होते, आणि पॉलिसीच्या व्याख्येत तीही ग्राह्य असते. अशी शंका आली तर रुग्णालयाकडून त्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घ्यावी, तिची मुदत संपलेली नाही ना पाहावे, आणि वरील खुलाशासह पाठवावी.

खोलीभाड्याची मर्यादा, जी सर्वांत जास्त पैसे खाते

एकच कलम समजून घ्यायला वेळ असेल तर हे घ्यावे. समजा, विमा रक्कम तीन लाख आहे आणि खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. नातेवाईक म्हणतात, बाबांना जरा चांगली खोली घेऊ, वरचे दोन हजार आपण भरू. आणि ५,००० ची खोली घेतली जाते. चार दिवसांचे भाडे २०,००० झाले. डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि नर्सिंगचे मिळून १,००,००० झाले. औषधे आणि तपासण्या ५०,००० च्या झाल्या. एकूण बिल १,७०,०००.

नातेवाइकांचा हिशोब असा असतो की आपल्याला फक्त ८,००० भरायचे आहेत. पॉलिसीत प्रमाणशीर कपातीचे कलम असेल तर विमा कंपनी म्हणते, तुमची पात्रता पाचातल्या तीनाची, म्हणजे ६० टक्क्यांची. मग भाड्याचे १२,००० आणि डॉक्टर वगैरेंच्या लाखातले ६०,००० मिळतात. औषधे, तपासण्या, शरीरात बसवलेली उपकरणे यांवर ही कपात लावता येत नाही, म्हणून ते ५०,००० पूर्ण मिळतात. अतिदक्षता विभागाच्या आकारांवरही ती लावता येत नाही. मिळून १,२२,००० हाती येतात आणि खिशातून ४८,००० जातात. दोन हजारांच्या खोलीची ही किंमत आहे.

यात दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. पहिली अशी की बेंगळुरूचे दर डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेली मर्यादा आपल्याकडच्या खोल्यांना बहुधा पुरते. दुसरी अशी की जे रुग्णालय खोलीच्या दर्जानुसार इतर दर बदलतच नाही, तिथे ही कपात करता येत नाही. तसे असेल तर ‘आमचे इतर दर सर्व खोल्यांना समान आहेत’ असे रुग्णालयाकडून लेटरहेडवर लिहून घ्यावे.

ठरवून केलेले उपचार

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की चार-पाच दिवस आधी टीपीए डेस्कवर कॅशलेसचा अर्ज भरून घ्यावा. त्यातला वैद्यकीय भाग डॉक्टर भरतात. सोबत रुग्णाचे ई-कार्ड व आधार, कर्मचाऱ्याचे ओळखपत्र, डॉक्टरांची पहिली चिठ्ठी आणि तपासण्यांचे अहवाल द्यावेत. आजार किती दिवसांपासून आहे, या प्रश्नाचे उत्तर विचार करून आणि खरे द्यावे. केस पेपरवर एखाद्या काकांनी घाईत सांगितलेले ‘असेल दहा वर्षांपासून’ हे वाक्य पुढे दाव्याच्या फाईलमध्ये पुरावा म्हणून येऊन बसते.

विमा नियामक आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय व्हायला हवा. तीन तासांपुढच्या विलंबामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो विमा कंपनीने सोसायचा आहे. प्रत्यक्षात वेळ जातो तो शंकांमध्ये. टीपीए काही विचारतो, ते रुग्णालयाच्या ईमेलमध्ये पडून राहते आणि डेस्कवरचा मुलगा जेवायला गेलेला असतो. म्हणून दावा क्रमांक मिळताच तो स्वतः लिहून घ्यावा आणि दर दोन तासांनी टीपीएला फोन करून ‘काही शंका प्रलंबित आहे का’ एवढेच विचारावे. पहिली मंजुरी अंशतःच असते, पूर्ण बिलाची नसते. ती पाहून घाबरण्याचे कारण नाही.

कर्मचारी बेंगळुरूत आणि रुग्ण साताऱ्यात असेल तर ओटीपी आणि मंजुरीचे संदेश कर्मचाऱ्याच्या फोनवर जातात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मिरजेला उतरेपर्यंत फोनची बॅटरी उतरलेली आणि तीन संदेश चुकलेले, असे माझ्या मित्राचे झाले. निघण्यापूर्वी एका नातेवाइकाला कर्मचाऱ्याच्या वतीने बोलण्यासाठी नेमावे आणि त्याचा क्रमांक एचआर, ब्रोकर आणि रुग्णालय या तिघांना ईमेलने कळवावा.

तातडीच्या वेळी

छातीत कळ आली, अपघात झाला, साप चावला, अशा वेळी यादी पाहत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि जे रुग्णालय जवळ असेल तिथे जावे. विम्याचे काम त्यानंतरही वेळेत होते : बहुतेक पॉलिसींत दाखल झाल्यापासून २४ किंवा ४८ तासांत कळवले तरी चालते. फोनवर कळवावे आणि लगेच ईमेलही करावा, म्हणजे वेळेचा पुरावा राहतो.

तालुक्याच्या ठिकाणी प्रथमोपचार करून रुग्णाला मिरजेला किंवा कराडला हलवले जाते, तेव्हा पहिल्या दवाखान्याची रेफरल चिठ्ठी, ईसीजीची पट्टी आणि बिल घेतल्याशिवाय निघू नये. चार तास तिथे राहिल्याने २४ तासांच्या दाखल राहण्याची अट पुरी होत नाही, पण तोच आजार असल्यामुळे तो खर्च दाखल होण्यापूर्वीचा खर्च म्हणून मागता येतो. रुग्णवाहिकेची पावती वेगळी ठेवावी. अपघात असल्यास एमएलसी (रुग्णालयाने केलेली वैद्यकीय-कायदेशीर नोंद) किंवा पोलिसांकडच्या नोंदीची प्रत नंतर हमखास मागितली जाते.

कॅशलेस मिळाले नाही तर : कागदांची शिस्त

प्रतिपूर्तीचा दावा डॉक्टरांच्या कौशल्यापेक्षा कागदांवर ठरतो, आणि लहान रुग्णालयातले कागद सर्वांत कच्चे असतात. दाव्याच्या अर्जाचे दोन भाग असतात. पहिला आपण भरतो, दुसरा रुग्णालयाने सही-शिक्क्यासह भरायचा असतो. डिस्चार्जच्या धांदलीत दुसरा भाग राहून जातो आणि मग सांगलीहून पुन्हा खेप पडते, म्हणून दाखल झाल्याच्या दिवशीच तो छापून रुग्णालयाकडे द्यावा.

त्याबरोबर लागतात ते मूळ कागद असे : डिस्चार्ज समरी, ज्यात दाखल होण्याची आणि घरी सोडण्याची वेळही हवी; क्रमांक असलेले छापील अंतिम बिल, ज्यात खोली, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, औषधे हे वेगवेगळे दाखवलेले हवे; त्या बिलाची पैसे मिळाल्याची पावती; औषधांचे प्रत्येक बिल आणि त्याची चिठ्ठी; प्रत्येक तपासणीचा अहवाल; स्टेंट, लेन्स, सांधा असे काही बसवले असेल तर त्याचे स्टिकर आणि बिल; इनडोअर केस पेपरची प्रत; रुग्णालयाचे नोंदणी प्रमाणपत्र; आणि कर्मचाऱ्याचा रद्द केलेला धनादेश. पाच हजारांवरच्या रोख पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लागते, आणि त्यासाठी कागद परत आल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. शक्यतो कार्डाने किंवा यूपीआयने भरावे. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्याची रुग्णालयाला कायद्याने परवानगी नाही.

आपल्याकडे बाहेरून येणारे सर्जन आपली फी वेगळ्या चिठ्ठीवर घेतात, ही जुनी रीत आहे. विमा कंपनी अशी सुटी पावती सहसा मानत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच नम्रपणे सांगावे की फी रुग्णालयाच्या बिलातच दाखवावी. हे शब्द काढायला संकोच वाटतो, पण त्या एका पावतीत तीस-चाळीस हजार अडकतात.

सगळे कागद पाठवण्यापूर्वी प्रत्येक पानाचे स्कॅन करून ठेवावे. टीपीएची शाखा पुण्यात आहे की कागद बेंगळुरूलाच जायचे, हे ईमेलवर विचारून घ्यावे, आणि पोचपावती मिळेल अशा कुरिअरने किंवा स्पीड पोस्टने पाठवावेत. मुदत पॉलिसीनुसार डिस्चार्जपासून १५ ते ३० दिवसांची असते. डिस्चार्जनंतरच्या तपासण्या आणि औषधांचा, बहुधा ६० दिवसांपर्यंतचा, दावा नंतर वेगळा करता येतो. तो पुष्कळ जण विसरतात.

माहेरचे बाळंतपण

नोकरी हैदराबादला आणि पहिले बाळंतपण माहेरी मिरजेला, ही आपल्या घरांतली नेहमीची गोष्ट आहे आणि विम्याला तिचे काही वावडे नाही. सातव्या महिन्यात येण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : प्रसूतीसाठीची स्वतंत्र मर्यादा किती आहे, कारण ती विमा रकमेपेक्षा खूप कमी असते; गरोदरपणातल्या तपासण्या तिच्यात धरतात की नाही; आणि निवडलेले प्रसूतिगृह वरच्या व्याख्येत बसते का. सहा खाटांचे, ओळखीच्या डॉक्टरीणबाईंचे प्रसूतिगृह कितीही प्रेमाचे असले तरी नोंदणी आणि खाटा मोजून घ्याव्यात. बाळाचे नाव एचआरकडे ठराविक दिवसांत कळवावे लागते, अनेक ठिकाणी तीस दिवसांत. बारशाची वाट पाहू नये. नाव ठरले नसले तरी ‘अमुकचे बाळ’ म्हणून नोंद होते. जन्माची नोंद २१ दिवसांत महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करून दाखला घ्यावा आणि तो एचआरला पाठवावा.

दावा नाकारला किंवा कापला तर

नकार लेखी आणि पॉलिसीच्या कलमासह मागावा. २०२४ च्या त्याच परिपत्रकानुसार विमा कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय दावा नाकारता येत नाही. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे आणि प्रत एचआरला द्यावी. शंभर कर्मचाऱ्यांचा हप्ता भरणाऱ्या कंपनीचा शब्द एकट्या कर्मचाऱ्यापेक्षा लवकर ऐकला जातो. सोबत आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी, गाठावा. पॉलिसी कर्नाटकातली म्हणून तक्रारही तिकडेच करावी लागेल, या समजुतीने लोक इथे हात टेकतात. नियमांनुसार तक्रारदाराच्या राहत्या पत्त्याच्या कक्षेतल्या लोकपालाकडेही जाता येते, आणि सांगली-साताऱ्यासाठी तो पुण्यात आहे. गट विम्याच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे प्रकरण घेता येते. मात्र विमा कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नेही तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. तिथली मुदत दोन वर्षांची आहे. राहत्या पत्त्याचा पुरावा मात्र खरा आणि चालू हवा. आधारवर अजून बेंगळुरूच्या भाड्याच्या घराचा पत्ता असेल तर तो आताच बदलून घ्यावा.

कंपनीच्या विम्याबरोबर आणखी काय असावे

ज्यांच्या आईवडिलांचे वय ७० किंवा अधिक आहे, त्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या या सोयीत उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत होतात, आणि खासगी विमा असला तरी ते मिळते. आधार घेऊन गेले की कार्ड निघते.

स्वतःची वेगळी पॉलिसी असेल तर आधी गट विम्यातून दावा करावा आणि उरलेली रक्कम स्वतःच्या पॉलिसीतून मागावी. त्यासाठी पहिल्या विमा कंपनीचे सेटलमेंट पत्र आणि कागदांच्या प्रमाणित प्रती घ्याव्यात. वेगळी पॉलिसी नसेल तर ती चाळिशीच्या आत घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही राहिलेला नाही.

याचे कारण नोकरी सुटते तेव्हा कळते. गट विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, महिनाअखेरीस नाही. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करून आधीच्या वर्षांचा लाभ पुढे नेण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो नोटीसच्या काळातच, विमा चालू असताना करावा लागतो. राजीनामा दिला त्याच आठवड्यात एचआरकडून आतापर्यंतच्या सर्व वर्षांची विमा प्रमाणपत्रे आणि टीपीएकडून दाव्यांचा इतिहास ईमेलवर मागून घ्यावा, कारण कंपनीचा ईमेल बंद झाल्यावर बेंगळुरूतल्या त्या इमारतीत आपल्याला ओळखणारे कुणी उरलेले नसते.